फियाट जमेच्या बाजूला

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस हिशेबाला कच्चा आहे, असं त्याचा भाऊबंदही म्हणणार नाही. खामगावच्या सराफ्यात चांदी तोलली जाते तेव्हा काट्यापेक्षा गिऱ्हाइकाची नजर बारीक असते. बाजार समितीत ओलावा जास्त म्हणून क्विंटलमागे पन्नास रुपये कापले, तर अर्धा तास वाद होतो आणि त्या वादात पणजोबांच्या काळचे भावही निघतात. बुलढाणा अर्बनसारखी मोठी सहकारी पतसंस्था याच जिल्ह्यात वाढली, ती काही लोक बेहिशेबी होते म्हणून नव्हे. अशा या हिशेबी मुलखात एक वही मात्र अशी सापडते, जिच्यात नोंदी रोजच्या रोज होतात, दहा-अकराच्या पान्याचे पैसेसुद्धा तारखेनिशी लिहिले जातात, पण पानाच्या तळाशी बेरीज काही केल्या येत नाही. ही वही असते अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या फियाटची. घरच्यांच्या मते बेरीज नसण्याचं कारण भीती. शेजाऱ्यांच्या मते कारण अक्कल, म्हणजे तिचा अभाव. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. गाडीमालक आकडे अगदी खरे लिहितो, फक्त ते चुकीच्या रकान्यात लिहितो. खर्चाचा रकाना भरताना त्यातून मिळालेला माल तो कुठेच मांडत नाही, आणि म्हणून बेरीज मारायची वेळ आली की ती त्याची त्यालाच खोटी वाटते. पटायला थोडा वेळ लागेल, पण फियाट चालू व्हायला लागतो त्यापेक्षा कमीच.

आधी विषय जरा मोठ्या रस्त्यावर आणू. घरच्या घरी जुनी गाडी उभी करून खर्चाची वही ठेवण्याचा छंद मूळचा अमेरिकेत फोफावला, आणि तिथे त्या छंदाचं दैवत म्हणजे मसल कार. पॉन्टिअॅकची जीटीओ १९६४ मध्ये आली आणि ही जात रूढ झाली. पुढे डॉज चार्जरमध्ये ४२६ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं, ४२५ अश्वशक्तीचं हेमी इंजिन बसलं. आपल्या फियाट ११०० चं, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचं, इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे एका चार्जरमध्ये दहा फियाट बसतात आणि वर एखादी राजदूत मागे बांधता येते. तिकडे स्नायू इंजिनात असतात, इकडे ते ढकलणाऱ्यांच्या दंडात असतात, एवढाच काय तो फरक. पण सोयरीक पाहिली तर दोघी एकाच घरच्या निघतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायसलरशी करार करून डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो जोडल्या. फियाट नंतर आली. तिकडे २००९ साली खुद्द फियाट कंपनीने अडचणीत आलेल्या क्रायसलरमध्ये हिस्सा घेतला आणि २०१४ पर्यंत अख्खी क्रायसलर, डॉजसकट, पदरात घेतली. तेव्हा चिखलीच्या अंगणातली पद्मिनी ही डॉज चार्जरची नात्याने थोरली जाऊ लागते. मान तिचाच मोठा. तिच्या वहीलाही तेवढाच मान द्यायला हवा.

वहीच्या पहिल्या पानावर अंदाज असतो. उदाहरणादाखल एक वही मनातल्या मनात उघडू. गाडी साठ हजारांना मिळाली, काम नव्वद हजारांचं, एकूण दीड लाख, मुदत दिवाळीपर्यंत. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते लिहिलेलं नसतं. हा अंदाज ऐकून हसण्याआधी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीक, राजा, रोगराई या सगळ्यांचं भाकीत एकदम सांगितलं जातं. ते ऐकायला गर्दी लोटते. भाकीत चुकलं तरी पुढच्या वर्षी गर्दी कमी होत नाही. आणि नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प पाहा. पूर्णेवरच्या त्या धरणाचा १९९० च्या दशकातला अंदाज चारशे कोटींच्या आतबाहेर होता, आता आकडा हजारो कोटींत गेला आहे. जिथे अभियंत्यांची फौज, सचिवालय आणि विधिमंडळ मिळून अंदाज बांधतात तिथे ही गत, तर एक गाडीमालक आणि एक मिस्त्री यांनी चहाच्या टपरीवर बिडीच्या पाकिटावर बांधलेला अंदाज किती टिकणार? डॅनियल कानेमन आणि अमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या दोषाचं वर्णन करून ठेवलं आहे. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो. पुढे १९९४ मध्ये एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. हे प्रबंधाचं झालं. प्रबंधाला गंज चढत नाही आणि त्याचा मिस्त्री मधेच लग्नाला निघून जात नाही.

अंदाज फुगतो तो उधळपट्टीने, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो फुगतो तर्काने, आणि तोही बिनतोड तर्काने. जुन्या गाडीच्या व्यवहारात सर्वांत महाग वाक्य एकच आहे : “आता उघडलंच आहे तर...” हेडचं गॅस्केट गेलं म्हणून हेड उघडतात. उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घ्यावेत. घासताना दिसतं की बोअर अंडाकृती झाला आहे. मग ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, पिस्टन आणि रिंगा ओव्हरसाइझ लागतात. ब्लॉक खाली आलाच आहे तर क्रँकची बेअरिंगं पाहावीत, आणि इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट बदलावी, कारण पुन्हा इंजिन उतरवायची मजुरी कोण देणार? आता इंजिनाची जागा रिकामी दिसते, तेव्हा तेवढ्यात आतला पत्रा रंगवून घ्यावा. रंग नवा झाला की बोनेट जुनाट दिसतं. बोनेट रंगवलं की दरवाजे रुसतात. दरवाजे खरवडले की कळतं की खालच्या बाजूला पत्रा उरलेलाच नाही, आधीच्या मालकाने लांबी भरून वर रंग मारला होता. काही फियाटींच्या बाबतीत तर लांबीला आधार म्हणून मधेमधे पत्रा वापरला आहे, असं म्हणणंच जास्त बरोबर ठरेल. पत्रा बदलला, रंग झाला, तर क्रोमचा बंपर त्या लखलखाटात पितळी भांड्यासारखा दिसू लागतो. तो प्लेटिंगला जातो. तो चमकून येतो तर काचांभोवतीचं रबर भेगाळलेलं दिसतं. गॅस्केटपासून निघालेली वाट अशी बीडिंगपर्यंत येते, आणि गंमत म्हणजे त्या वाटेवरची एकही पायरी मूर्खपणाची नसते. प्रत्येक पायरीला वाचवलेल्या मजुरीचा पुरावा आहे. एवढी बचत करत करत माणूस चार लाखांवर पोचतो.

सुटे भाग हे या वहीचं दुसरं प्रकरण. पद्मिनीचं उत्पादन २००० सालच्या आसपास थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींनी बराच काळ आधार दिला, कारण मेलेली टॅक्सी ही जिवंत फियाटीची सर्वांत मोठी दाती असते. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता माल मिळतो तो कुर्ल्याच्या भंगारबाजारात, किंवा अकोल्या-जालन्याच्या एखाद्या जुन्या दुकानात, जिथला म्हातारा दुकानदार माळ्यावरून धूळ झटकत खोकं काढतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली चमक पाहून भाव ठरवतो. तेव्हा वहीत वस्तूची किंमत पडते, पण अकोल्याच्या फेरीची पडत नाही. का? तर त्या फेरीत बियाण्याचीही चौकशी केली, मेहुण्यालाही भेटून आलो, म्हणून पेट्रोल शेतीच्या खात्यावर आणि जेवण नातेसंबंधांच्या. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात माणूस मनात वेगवेगळी खाती उघडून पैसा या खात्यातून त्या खात्यात कसा फिरवतो, या त्यांच्या अभ्यासाचाही वाटा होता. बुलढाण्यातल्या कोणत्याही गाडीमालकाची वही त्यांना दाखवली असती, तर काम बरीच वर्षं आधीच उरकलं असतं.

तर आपल्या मनातल्या वहीतली बेरीज एकदा मारूनच टाकू, मालक मारणार नाही म्हणून. गाडी साठ हजार, इंजिन सत्तर हजार, पत्रा-वेल्डिंग-रंग एक लाख वीस हजार, सीट-छत-रबर-काचा पन्नास हजार, वायरिंग-ब्रेक-टायर साठ हजार, कागदपत्रं आणि किरकोळ चाळीस हजार. एकूण चार लाख. पण आपल्या जिल्ह्यात मोठी रक्कम रुपयांत सांगितली की डोक्यात शिरत नाही, ती सोयाबीनमध्ये सांगावी लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे ही फियाट पंच्याहत्तर क्विंटलांची. एकरी सात क्विंटल धरले तर जवळपास अकरा एकरांचं अख्खं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता, आणि हमीभाव खरोखर पदरात पडला असं धरून. हमीभाव पदरात पडला असं धरणं हा या लेखातला सर्वांत धाडसी अंदाज आहे, फियाटीच्या अंदाजापेक्षाही. अकरा एकरांचं पीक अंगणात उभं आहे आणि वर ताडपत्री आहे, एवढं चित्र डोळ्यांसमोर आणलं की घरच्यांचा राग समजतो. समोरून जाणाऱ्याचा प्रश्नही समजतो, जो दर रविवारी नव्या उमेदीने विचारला जातो : “चालू होईन का भाऊ हे?” आणि लगोलग दुसरा : “इतक्या पैशात तर नवी आली असती ना राजेहो!”

मग मालक मधेच थांबत का नाही? याचं उत्तर ज्याने बोअर मारला त्याला विचारावं. तीनशे फूट गेले, पाणी नाही, तेव्हा मशीनवाला म्हणतो की अजून पन्नास फूट पाहू. तीनशे फुटांचे पैसे गेलेले असतात, ते कुणीही परत देणार नसतं, आणि पुढच्या पन्नास फुटांत पाणी लागेल की नाही याच्याशी त्या पैशांचा काडीचा संबंध नसतो. तरीही माणूस ‘मार’ म्हणतो, कारण न म्हणणं म्हणजे तीनशे फूट वाया गेले हे कबूल करणं. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये हेच नाटकाच्या तिकिटांवर दाखवलं. हंगामी तिकीट काढणाऱ्या काही जणांना न मागता सवलत दिली, बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेतले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच, पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. पैसे गेले आहेत, म्हणून जायचं. वही इथे फार मोठं काम करते. न लिहिणारा माणूस खर्च विसरून एखाद्या दिवशी गाडी विकूनही टाकतो. लिहिणाऱ्याला ते जमत नाही. त्याच्यासमोर दोन लाख तीस हजारांचा आकडा स्वच्छ अक्षरात उभा असतो आणि तो आकडाच म्हणतो, मार अजून पन्नास फूट. खर्चाला लगाम घालायला घेतलेली वही खर्चाला चाबूक ठरते, ती अशी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पैसेवाल्या सुरात येतो : जुन्या गाड्यांचे भाव वाढतात, ही गुंतवणूक आहे. अमेरिकेत हेमी इंजिनाच्या अस्सल गाड्या लिलावात प्रचंड किमतीला जातात, हे खरं आहे. पण त्या जातात त्या मुळात थोड्याच बनल्या म्हणून. पद्मिनी दशकानुदशकं बनत राहिली आणि गावोगाव धावली. गल्लीतल्या प्रत्येकाच्या काकांकडे जी गाडी होती, तिच्याबद्दल आठवण फार आणि बोली कमी लागते. वर कागदपत्रांचा खर्च आहेच. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी २०२५ मध्ये दहा हजार झालं. त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगच्या दिवशी नेमका हॉर्न न वाजण्याचा फियाटीचा कुळाचार वेगळा. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही मानाची अक्षरं. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी नक्की जुनी फियाट असावी, कारण पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती याखेरीज ती गाडी तिसरं काही करतच नाही. अडचण एवढीच की शेगावला कचोरी खायला जायचं असेल, तर ते तांत्रिक संशोधनात बसवावं लागेल.

गुंतवणुकीच्या दाव्यात आणखी एक गाठ आहे. मालक भाव सांगतो तो स्वतःच्या घामासकट. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांच्या प्रयोगांत लोकांनी स्वतः जोडलेल्या साध्या वस्तूंना तयार मिळणाऱ्या तशाच वस्तूंपेक्षा बरीच जास्त किंमत लावली. कागदाच्या घड्या घालून केलेले वेडेवाकडे पक्षीसुद्धा त्यांना कारागिराच्या तोडीचे वाटले. फियाट तर कागदापेक्षा कितीतरी अवघड. तेव्हा मालकाच्या तोंडी साडेपाच लाख असतात, गिऱ्हाइकाच्या तोंडी दोन, आणि दोघेही खरं बोलत असतात. गिऱ्हाईक गाडीचा भाव सांगतं, मालक गाडी अधिक तीन वर्षांचे रविवार असा भाव सांगतो. रविवार विकत घ्यायला गिऱ्हाईक आलेलं नसतं.

दुसरा आक्षेप सरकारी आणि पर्यावरणी आहे : अशा गाड्या भंगारात द्याव्यात. नव्या धोरणाप्रमाणे अधिकृत केंद्रात गाडी मोडली, तर त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ताकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. आपल्याला तर भंगार न्यायला लांब जायचीही गरज नाही. देऊळगाव राजा ओलांडलं की जालना, आणि जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फियाटीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, किलोला तीस रुपये धरले तर सत्तावीस हजार, म्हणजे पाच क्विंटल सोयाबीन. पंच्याहत्तर क्विंटल घालून पाच काढायचे, हे गणित कुणालाही रुचणार नाही. धुराबद्दल म्हणाल तर रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या जुन्या वाहनांबाबत हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तिथे वाद घालू नये. पण अंगणातली फियाट वर्षभरात जेवढी धावते त्याहून जास्त ढकलली जाते. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येणं ही तिची वार्षिक परीक्षा, आणि त्यातही निम्मा वेळ ती रेडिएटरवर ओलं फडकं टाकून दरीची शोभा पाहत उभी असते. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेड राजावरून जातो, तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मोडल्याचा आरोप या गाडीवर कुणीही ठेवणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो घरातून येतो : हौस आहे ना, मग हौस म्हणा, वही कशाला? इथे आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पेरणीचा पैसा, पीककर्ज, पोरांची फी यातलं काही गाडीत गेलं असेल, तर तो थट्टेचा विषयच नाही आणि कोणतंही तत्त्वज्ञान त्याला वाचवू शकत नाही. आपण बोलतो आहोत ते वरकड पैशाबद्दल. आणि तो पैसा वरकड आहे की नाही, हे कळायला वही लागतेच. म्हणून वही फाडू नये. फक्त तिच्यात आजवर नसलेला एक रकाना आखावा, तो तासांचा. तीन वर्षांत साधारण दीडशे रविवार येतात. त्यातून पेरणी, काढणी, लग्नं, तेरव्या आणि लेथवाल्याने ‘उद्या या’ म्हटलेले दिवस वजा करून शंभर उरले असं समजू. रविवारी सहा तास धरले तर सहाशे तास. गाडीवर गेले चार लाख, विकली तर येतील दोन. निव्वळ दोन लाखांत सहाशे तास, म्हणजे तासाला ३३३ रुपये. हा दर महाग वाटतो, कारण एक माणूस हिशेबात धरला. पण उघड्या बोनेटभोवती आजवर कधी एक माणूस उभा राहिलेला नाही. निवृत्त एसटी मेकॅनिक, शाळा सुटलेली पोरं, सायकल टेकवून थांबलेला दूधवाला, आणि ज्याच्याकडे कधीच गाडी नव्हती असा एक सर्वज्ञ सल्लागार, असे सरासरी चार बघे धरले तर मालकासह पाच. सहाशे गुणिले पाच म्हणजे तीन हजार माणसातास, आणि दर उतरतो सदुसष्ट रुपयांवर. तीन तासांचे दोनशे. मोठ्या शहरात मल्टिप्लेक्सचं तिकीटही याच घरात पडतं, आणि तिथे पडद्यावरच्या नायकाला ‘नट उलटा फिरवतोयस तू’ असं ओरडून सांगायची सोय नाही.

म्हणजे मालकाच्या वहीत गेली तीन वर्षं जे ‘खर्च’ म्हणून पडत होतं ते तिकिटाचे पैसे होते, आणि खेळ रविवारी होत होता, फक्त तो जमेला कुणी मांडला नाही. कोणी म्हणेल, बघ्यांच्या तासांचा मालकाला काय फायदा? ते तर फुकट बघून जातात. अगदी खरं, बघ्यांकडून वसुली फक्त सल्ल्यात होते आणि सल्ल्याला बाजारभाव नाही. पण गावात ज्याच्या अंगणात रविवारी चार माणसं आपणहून येऊन उभी राहतात, तो माणूस काही मिळवत नाही असं म्हणणाऱ्याने कधी निवडणूक लढवलेली दिसत नाही. तिथे हीच चार माणसं उभी करायला काय दर पडतो, ते विचारून पाहावं. शिवाय फियाटीच्या वहीत शिक्षणाचाही भाग आहे. बोअर अंडाकृती का होतो, प्लगची फट किती ठेवायची, कार्ब्युरेटरचं जेट कशाने तुंबतं, हे शिकवणारा वर्ग सहा तास भरतो आणि त्याला प्रवेश परीक्षा नाही. नव्या गाडीचं बोनेट उघडलं तर आत एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि त्याखाली बोट घालाल तर वॉरंटी जाते. तिथे बघे जमत नाहीत, कारण बघायला काही नसतं.

एकदा हा रकाना मान्य केला की जुन्या गाडीच्या मालकाचं जे वागणं आजवर वेडेपणात जमा होत होतं, ते एकदम अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं दिसू लागतं. माल जर तास असेल, तर शहाणा माणूस तास लवकर संपवणार नाही. गाडी पूर्ण झाली की खेळ बंद, वर्ग बंद, बघे पांगले, आणि अंगणात उरते ती चाळीस अश्वशक्तीची, स्टेअरिंगवर गिअर असलेली, पासिंगला आलेली एक जुनी मोटार, जिचे दोन लाखांच्या वर कुणी देत नाही. तेव्हा सिद्धान्ताप्रमाणे मालकाने काम जवळजवळ पुरं करावं, पण अगदी पुरं कधी करू नये. आणि जिल्ह्यात कुठेही जाऊन तपासा, मलकापूरला विचारा, मेहकरला विचारा, ताडपत्री उचलणारा प्रत्येक मालक अभिमानाने हेच सांगेल : गाडी एकदम ओके आहे, फक्त वायपरचं तेवढं राहिलंय. आता वायपरची मोटर काढायची तर डॅशबोर्ड सोडवावा लागतो, आणि डॅशबोर्ड सोडवलाच आहे तर...